नजरेचा मध्यभाग अंधूक झालेल्या वडिलांना संकेतस्थळे वाचता यावीत म्हणून लॅपटॉपवर नेमके काय बदलावे?

प्रश्न : कृष्णाकाठ

नमस्कार. माझे वडील ७४ वर्षांचे असून जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले आहेत. गेल्या दोन वर्षांत त्यांच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मध्यभाग, म्हणजे मॅक्युला, झिजत चालला आहे. बाजूची नजर टिकून राहील असे नेत्रतज्ज्ञ सांगतात, आणि खरोखरच घरात, अंगणात ते कोणाच्या मदतीवाचून वावरतात. परंतु ज्या गोष्टीकडे रोखून पाहावे नेमकी तीच पुसट होते. त्यांच्याच शब्दांत सांगायचे तर, "अक्षराकडे पाहिले की ते पळून जाते आणि शेजारचे दिसू लागते."

छापील वर्तमानपत्र त्यांनी बंद केले. लॅपटॉप सोडायला मात्र ते तयार नाहीत, कारण वर्तमानपत्रांची संकेतस्थळे, मराठी विश्वकोशातील नोंदी, निवृत्तिवेतनासंबंधीचे शासन निर्णय आणि बँकेचे व्यवहार हे सारे ते गेली आठ-नऊ वर्षे स्वतःच पाहत आले आहेत. "जरा वाचून दाखव" असे कोणाला म्हणणे त्यांच्या स्वभावात नाही.

आतापर्यंत दोन उपाय करून झाले. शेजारच्या एका मुलाने सद्भावनेने स्क्रीनचे रेझोल्यूशन कमी करून दिले. त्याने अक्षरे मोठी झाली, पण कडा अशा फुटल्या की 'घ' कोणता आणि 'ध' कोणता हे मलाही चटकन कळेना. नंतर मी विंडोजचा मॅग्निफायर चालू करून दिला. त्यात अक्षर दिसते, परंतु वाचता वाचता सगळे पान डावीकडे सरकत जाते आणि ओळ संपली की पुढच्या ओळीचा आरंभ शोधताना वडील मेटाकुटीला येतात. शोधून सापडलेली ओळ बहुधा आत्ताच वाचलेली असते, हे मी शेजारी बसून पाहिले आहे.

लॅपटॉपवर विंडोज ११ असून एज आणि फायरफॉक्स असे दोन ब्राउझर आहेत. फोन अँड्रॉइडचा आहे. मी पुण्यात राहते आणि महिन्यातून दोनदा गावी जाते, एरवी जे सांगायचे ते फोनवरूनच सांगावे लागते. म्हणून एकदा करून ठेवले की टिकतील आणि रोजच्या वापरात एखाद-दुसऱ्या कळेवर भागेल, असे बदल सुचवावेत ही विनंती.

उत्तर : पानजोडणी

मी संकेतस्थळे बांधण्याच्या व्यवसायात आहे. आपल्या वडिलांच्या त्रासातला बराचसा भाग आमच्याच मंडळींनी निर्माण केलेला आहे, हे आधी मान्य करून मग सांगतो.

प्रथम रेझोल्यूशन पूर्ववत करावे. लॅपटॉपच्या पडद्यावर ठिपक्यांची संख्या कायमची ठरलेली असते आणि रेझोल्यूशन कमी केले की प्रत्येक अक्षर त्या ठिपक्यांवर ओढूनताणून बसवले जाते. इंग्रजीला ते एक वेळ चालते. देवनागरीत मात्र 'म' आणि 'भ', 'घ' आणि 'ध' यांच्यातला फरक शिरोरेषेतल्या एवढ्याशा फटीवर अवलंबून असतो आणि नेमकी तीच फट बुजते. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले या वाटेने गेल्यावर रेझोल्यूशनच्या यादीत ज्याच्यापुढे 'रिकमेंडेड' लिहिलेले आहे ते निवडावे आणि त्याच पानावरील 'स्केल' १५० किंवा १७५ टक्के करावे. यात अक्षरे नव्याने रेखली जातात, म्हणून मोठी होऊनही धारदार राहतात.

आता मॅग्निफायरविषयी. मॅग्निफायर आणि ब्राउझरमधला झूम यांना बरेच जण एकच समजतात, परंतु त्यांचे काम मुळातच वेगळे आहे. मॅग्निफायर म्हणजे छापील पानावर धरलेले भिंग असते. पान जेवढे रुंद तेवढेच राहते, आपल्याला त्याचा तुकडा दिसतो आणि प्रत्येक ओळीसाठी भिंग उजवीकडे नेऊन परत डावीकडे आणावे लागते. ब्राउझरमध्ये कंट्रोल आणि अधिकचे चिन्ह दाबले की ब्राउझर पान नव्याने मांडतो आणि ओळी खिडकीच्या रुंदीत मोडून बसवतो, त्यामुळे डोळ्यांना फक्त खाली उतरत जायचे असते. ज्यांच्या नजरेचा मध्य गेला आहे त्यांना ओळीचा आरंभ सापडणे हेच सर्वांत कठीण असते. तेव्हा वाचनासाठी मॅग्निफायर बंद ठेवावा आणि एखादे चित्र किंवा तक्ता पाहायचा असेल तेव्हाच विंडोज आणि अधिकच्या चिन्हाने तो बोलवावा. विंडोज आणि एस्केप दाबले की तो जातो.

झूम २०० टक्क्यांच्या पुढे नेला की पुष्कळ संकेतस्थळे फोनवरची एकस्तंभी मांडणी दाखवू लागतात. बाजूच्या जाहिराती आणि 'हेही वाचा'चे रकाने खाली जातात, आणि हे आपल्या फायद्याचेच आहे. संकेतस्थळांच्या सुगम्यतेसाठी जगभर जे डब्ल्यूसीएजी निकष वापरले जातात, त्यांच्या २०१८ सालच्या २.१ आवृत्तीत १२८० पिक्सेल रुंदीची खिडकी ४०० टक्के मोठी केली तरी मजकूर वाचण्यासाठी पान आडवे सरकवावे लागू नये, अशी अपेक्षा स्पष्टपणे घातलेली आहे. सगळे जण ती पाळत नाहीत, हे वेगळे सांगायला नको. एज प्रत्येक संकेतस्थळाचा झूम स्वतंत्रपणे लक्षात ठेवतो, पण सेटिंग्जमधील 'अपिअरन्स'मध्ये 'पेज झूम' एकदाच १७५ करून ठेवला तर नव्या संकेतस्थळावरही सुरुवात तिथूनच होते.

फायरफॉक्समध्ये एक सोय अशी आहे की ती मराठी वाचकांना फारशी ठाऊक नाही आणि माझ्या मते तुमच्या वडिलांसाठी तीच सर्वांत मोलाची ठरेल. सेटिंग्जमध्ये 'फॉन्ट्स' या शीर्षकाखाली 'अ‍ॅडव्हान्स्ड' हे बटण आहे. ते उघडल्यावर वरच्या यादीतून 'देवनागरी' निवडता येते आणि केवळ त्या लिपीसाठी टंक, त्याचा आकार आणि 'मिनिमम फॉन्ट साइझ' म्हणजे याहून लहान अक्षर दाखवायचेच नाही अशी मर्यादा ठरवता येते. टंक म्हणून विंडोजमध्ये असलेला निर्मला यूआय चालेल; गुगल फॉन्ट्सवरून 'मुक्त' नावाचा टंक किंवा नोटो सान्स देवनागरी विनामूल्य उतरवून घेतला तरी उत्तम. किमान आकार २४ ठेवून पाहावा. त्याच खिडकीत खाली, पानांना स्वतःचे टंक वापरू देण्याची जी खूण असते ती काढून टाकावी. त्यानंतर कोणत्याही संपादकाच्या आवडीचा बारीक, करड्या रंगाच्या दोऱ्यासारखा टंक वडिलांच्या वाट्याला येणार नाही. मात्र हीच सारी निवड 'लॅटिन' या नोंदीखालीही करून ठेवावी, कारण पुष्कळ मराठी संकेतस्थळांनी आपल्या पानाची भाषा मराठी आहे हे ब्राउझरला सांगितलेलेच नसते, कित्येकांनी तर ती इंग्रजी म्हणून नोंदलेली असते आणि मग देवनागरीसाठी ठरवलेला किमान आकार तिथे लागू होत नाही.

याची किंमतही सांगतो. काही ठिकाणी शोधाचे भिंग, मेनूच्या तीन रेघा अशा चित्रखुणांच्या जागी रिकामे चौकोन दिसतील, कारण त्या खुणा म्हणजेही एक टंकच असतो. युनिकोड, म्हणजे सर्व संगणकांना सारखेच कळणारे अक्षरांचे संकेतांक, येण्यापूर्वीच्या टंकांवर उभी असलेली जुनी संकेतस्थळे तर साफ वाचण्यापलीकडे जातील. अशी संकेतस्थळे एजमध्ये उघडावीत.

आणि रोजच्या लेखवाचनासाठी फक्त एफ९. विंडोजवर एज आणि फायरफॉक्स या दोन्हींत ही कळ वाचकदृश्य उघडते, ज्यात पानावरील बाकी सारा पसारा जाऊन केवळ लेख उरतो. एजमधील 'इमर्सिव्ह रीडर'मध्ये 'लाइन फोकस' म्हणून एक पर्याय आहे. त्यात एक, तीन किंवा पाच ओळी उजळ राहतात, बाकीचे पान काळवंडते आणि खालच्या बाणाने पुढे जाता येते. तीन ओळींपासून सुरुवात करून पाहावी. मुखपृष्ठावर हे दृश्य बहुधा मिळत नाही, लेख उघडल्यावर मिळते, एवढे वडिलांना आधी सांगून ठेवावे म्हणजे फोन येणार नाही.

उत्तर : कानसेन

मी जन्मापासून पाहत नाही आणि १६ वर्षे संगणक केवळ कानांनी वापरतो. पानजोडणी यांनी सांगितलेले सर्व योग्य आहे, परंतु त्यात डोळ्यांवरचा भार हलका करण्याचा विचार आहे. तो भार अधूनमधून कानांवर टाकण्याचा विचार नाही. तुमचे वडील दहा मिनिटे वाचतील आणि थकतील. उरलेला लेख ऐकता आला तर तो अर्धवट राहणार नाही.

इथे अनेकांकडून एक चूक होते. दृष्टी कमी झाली असे कळले की कोणीतरी उत्साहाने स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचे बोलून दाखवणारी प्रणाली, बसवून देतो. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मी रोज वापरतो. ऑस्ट्रेलियातील दोन दृष्टिहीन तरुणांनी २००६ मध्ये सुरू झालेले ते काम पुढे नेले, तो आजही विनामूल्य आहे आणि त्याच्याविना माझी नोकरी चालली नसती. परंतु तो पडद्यावरच्या प्रत्येक हालचालीवर बोलतो, एच दाबले की पुढच्या शीर्षकावर आणि के दाबले की पुढच्या दुव्यावर उडी मारतो, आणि त्याच्या कळा हाताला बसायला काही महिने लागतात. ज्याला अजून माउसचा बाण दिसतो आणि ज्याला फक्त लेख ऐकायचा आहे, त्याला तो पहिल्या आठवड्यातच नकोसा होईल. तो शिकावा, पण सावकाश, आणि कोणाच्या तरी सोबतीने.

सध्या एजमध्ये लेख उघडून कंट्रोल, शिफ्ट आणि यू या तीन कळा एकत्र दाबाव्यात. पान मोठ्याने वाचले जाऊ लागते आणि वाचला जाणारा शब्द उजळून दिसतो. वर येणाऱ्या पट्टीत 'व्हॉइस ऑप्शन्स'मध्ये मराठीचे आरोही आणि मनोहर असे दोन आवाज मिळतात; त्यांच्यासाठी इंटरनेट चालू असावे लागते. वेग प्रारंभी थोडा कमी ठेवावा. हिंदी आवाज निवडला गेला असेल तर ते लगेच कळते, कारण 'चमचा' आणि 'चहा' यांतील 'च' एकाच साच्यातून निघतो आणि 'ळ' तर ऐकवत नाही. एका मुख्याध्यापकाला असे मराठी ऐकायला लावणे बरे नव्हे.

फोनवर टॉकबॅक, म्हणजे अँड्रॉइडचा स्क्रीन रीडर, चालू करण्याची घाई करू नये. तो चालू झाला की स्पर्शाची सारी रीतच बदलते आणि एकदा टेकवून काही उघडत नाही, दोनदा टेकवावे लागते. त्याऐवजी 'सिलेक्ट टू स्पीक' चालू करावे. कडेला एक छोटी खूण येते, ती दाबून मजकुरावर बोट ठेवले की तेवढाच भाग वाचला जातो. भाषण-सेवेच्या सेटिंगमध्ये मराठी आवाज आधी उतरवून ठेवला तर नेटवर्क नसतानाही तो चालतो. ज्यांच्याकडे आयफोन आहे अशा इतर वाचकांसाठी नोंदवतो की २०२२ च्या आयओएस १६ पासून तिथेही मराठी आवाज आला आहे.

शासन निर्णयांचे काय, हा प्रश्न राहिला. पीडीएफ उघडून त्यातील एक ओळ माउसने निवडावी आणि नोटपॅडमध्ये चिकटवावी. मराठीच उमटली तर एज ती पीडीएफ वाचून दाखवील. काहीच निवडले गेले नाही, तर ते पान म्हणजे केवळ छायाचित्र आहे. आणि इंग्रजी अक्षरे व चिन्हे यांचे कडबोळे उमटले, तर ते जुन्या टंकात टाइप झालेले आहे. डोळ्यांना मराठी दिसते पण संगणकाच्या लेखी ते मराठी नसतेच. शेवटच्या दोन्ही प्रसंगी मी ती फाइल गुगल ड्राइव्हवर चढवतो आणि 'ओपन विथ'मधून गुगल डॉक्समध्ये उघडतो. चित्रातील अक्षरे ओळखून खाली मजकूर तयार होतो, बहुधा वाचण्याजोगा असतो. जुन्या टंकाची फाइल याने सुधारली नाही, तर तिच्या पानांची आधी चित्रे करून ती चढवावी लागतात. तक्ते मात्र विस्कटतात आणि रकमांवर विसंबू नये. निवृत्तिवेतनाचे आकडे कोणाकडून तरी एकदा पडताळून घ्यावेत. वर्तमानपत्रांच्या ई-पेपरची गत तीच आहे. तिथे पानाचे चित्र असते, म्हणून संकेतस्थळावरील बातमीच वाचावी.

उत्तर : टपालवाले आजोबा

वय वर्षे ७१. मला काचबिंदू आहे आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली आहे, तेव्हा माझा अनुभव तुमच्या वडिलांना तंतोतंत लागू पडेलच असे नाही.

वरच्या दोघांनी रंगांचा विषय घेतला नाही म्हणून लिहितो. माझ्या नातवाने माझ्यासाठी सगळीकडे काळी पार्श्वभूमी आणि पांढरी अक्षरे करून दिली होती, कारण डोळ्यांना तेच चांगले असे त्याने कुठेतरी वाचले होते. पहिला आठवडा छान गेला, चकाकी कमी झाली. पण बारीक टंकातील पांढऱ्या अक्षरांभोवती मला वलय दिसू लागले, अनुस्वार आणि रफार त्या वलयात विरघळू लागले, आणि 'कार्य' की 'काय' हे संदर्भावरून ठरवण्याची वेळ आली. शेवटी मी विंडोजच्या अ‍ॅक्सेसिबिलिटीमधील 'कॉन्ट्रास्ट थीम्स' उघडून एक एक पाहिली आणि 'डेझर्ट' नावाच्या फिकट पिवळसर पार्श्वभूमीवर स्थिरावलो. माझ्याच वयाच्या एका मित्राला, ज्याला तुमच्या वडिलांसारखाच विकार आहे, काळ्यावर ठळक पिवळी अक्षरे लागतात. दोघांपैकी कोणाचेही चूक नाही. वडिलांना शेजारी बसवून एकच परिच्छेद वेगवेगळ्या रंगसंगतींत वाचायला द्यावा आणि ते ज्यावर अडखळणार नाहीत ते ठेवावे. तेही दिवसा एकदा आणि दिवे लागल्यावर एकदा, कारण खिडकीतला उजेड पडद्यावर पडत असेल तर निकाल उलटा लागतो.

दुसरे म्हणजे माउसचा बाण. अ‍ॅक्सेसिबिलिटीमध्ये 'माउस पॉइंटर'चा आकार १ पासून १५ पर्यंत वाढवता येतो आणि रंगही बदलता येतो. माझा बाण लिंबाच्या रंगाचा आहे, आकार ६. त्याच भागात 'टेक्स्ट कर्सर इंडिकेटर' आहे. टाइप करण्याच्या जागी लुकलुकणाऱ्या उभ्या रेघेला वर-खाली रंगीत गोळे लागतात. चौकटीत आपण नेमके कुठे लिहीत आहोत हे शोधण्यात माझा जितका वेळ जात असे, तितका वाचण्यातही जात नव्हता.

आणि कृपा करून सगळे बदल एकाच दिवशी करू नयेत. एका रविवारी मुले आली आणि संगणक इतका सोपा करून गेली की सोमवारी मला तो उघडताच आला नाही.

प्रतिसाद : कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. मधल्या काळात दोनदा गावी जाऊन आले, म्हणून इतक्या उशिराने लिहीत आहे.

पहिल्या खेपेला फक्त रेझोल्यूशन पूर्ववत केले, स्केल १५० टक्के केले, बाण मोठा केला आणि फायरफॉक्समध्ये देवनागरी व लॅटिन या दोन्हींसाठी टंक आणि किमान आकार ठरवून दिला. मुक्त हा टंक वडिलांना आवडला. "याच्या मात्रा कोणी खाल्लेल्या नाहीत" असा शेरा मिळाला. एका संकेतस्थळावर खरोखरच मेनूच्या जागी चौकोन आला, पण तो चौकोनच दाबायचा हे त्यांनी लगेच लक्षात ठेवले.

एफ९ ने मात्र आमची फजिती केली. मी पुण्याहून फोनवर "एफ९ दाबा" म्हणत होते आणि तिकडे दर दाबण्यागणिक पडद्याचा उजेड वाढत होता. या लॅपटॉपवर वरच्या रांगेतील कळा मुळात उजेड आणि आवाज यांसाठी आहेत आणि एफ९ हवे असेल तर सोबत एफएन ही कळ धरावी लागते, हे दुसऱ्या खेपेला कळले. एफएन आणि एस्केप एकदा एकत्र दाबल्यावर ती अट निघून गेली. निदान या लॅपटॉपवर तरी. आईने एफ९ वर नखाएवढी गोल टिकली चिकटवली आहे, त्यामुळे आता ती कळ पाहावी लागत नाही, बोटाला लागते.

तीन ओळींच्या उजळ पट्ट्यात त्यांना मी एक दीर्घ लेख वाचताना पाहिले. मान किंचित उजवीकडे वळवून, नजर ओळीच्या थोडी वर ठेवून ते वाचत होते आणि प्रत्येक बाणाच्या दाबानंतर क्षणभर थांबत होते. एका बैठकीत निम्मा लेख झाला, उरलेला मनोहरने वाचला. मनोहरचा 'ज्ञ' त्यांना मान्य आहे. विरामचिन्हांपाशी तो पुरेसा थांबत नाही, ही तक्रार आहे. रंगांची परीक्षा दिवे लागल्यावर घेतली तेव्हा काळ्यावर पिवळे जिंकले, दिवसा पांढऱ्यावर काळे. मी दोन्ही कसे बदलायचे ते दाखवले, पण त्यांनी पांढऱ्यावर काळेच ठेवून संध्याकाळी वाचणे सोडून दिले आणि ऐकणे पत्करले. यावर मी वाद घातला नाही.

अडले आहे ते बँकेत. नाव लिहीत नाही. तिथे २०० टक्के झूम केला की 'पुढे जा' हे बटण पडद्याबाहेर जाते आणि पान आडवे सरकतही नाही. चौकटी भरता भरता वेळ संपून बाहेर फेकले जाते. वाकड्यातिकड्या अक्षरांचा कॅप्चा तर मलाही दुसऱ्या प्रयत्नात जमतो. फोनच्या ब्राउझरमध्ये तेच पान दोन बोटांनी मोठे करू गेले तर ढिम्म हलत नाही. यावर काही करता येते का?

उत्तर : पानजोडणी

फोनवरचा प्रश्न सोपा आहे. संकेतस्थळाने पान मोठे करण्यावर बंदी घातलेली असते आणि क्रोममध्ये ती मोडण्याची सोय आहे. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी उघडून 'फोर्स एनेबल झूम' या ओळीपुढे खूण करावी. ही बंदी घालण्याचे कोणतेही सयुक्तिक कारण मला आजवर कोणी सांगू शकलेले नाही, तरी आमच्यातले लोक ती घालतच असतात.

बटण बाहेर जात असेल तर झूम २०० वर ठेवूनच टॅब ही कळ दाबत जावे. बटण दिसले नाही तरी निवड त्याच्यावर पोहोचते आणि बहुतेक वेळा पान आपोआप तिथे सरकते. निवड कुठे आहे हे ठळक दिसावे म्हणून एजच्या अ‍ॅक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये निवडलेल्या भागाभोवती जाड चौकट दाखवण्याचा पर्याय चालू करावा. इतक्यावरही जमले नाही तर तेवढ्या एका पानापुरता झूम १२५ वर आणून मॅग्निफायर बोलवावा. इथे भिंगच बरे, कारण वाचायचे थोडे आणि दाबायचे एकदाच असते.

वेळेच्या मर्यादेवर खरा उपाय वापरणाऱ्याच्या हातात नाही. नाव, पत्ता, खातेक्रमांक यांसारखा मजकूर आधीच नोटपॅडमध्ये मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा आणि एक एक करून चिकटवावा, म्हणजे चौकटींतला वेळ वाचतो. संकेतशब्द त्या फाइलमध्ये कदापि लिहू नये, तो ब्राउझरच्या संकेतशब्द-पेटीत ठेवावा.

बाकी तक्रार करावी, आणि ती मोघम करू नये. "तुमचे संकेतस्थळ वापरता येत नाही" या वाक्यावर कोणीही काही करत नाही. कोणते पान, कोणता ब्राउझर, किती टक्के झूम, कोणते बटण दिसेनासे झाले आणि कोणते काम अडले, एवढे लिहून पडद्याचे चित्र जोडावे. डब्ल्यूसीएजीच्या निकषांप्रमाणे मजकूर २०० टक्के मोठा केला तरी काही हरवता कामा नये. मुदत संपण्यापूर्वी सूचना देऊन ती वाढवण्यासाठी किमान २० सेकंद मिळाले पाहिजेत आणि अशी वाढ किमान दहा वेळा घेता आली पाहिजे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये अल्पदृष्टी हे दिव्यांगत्व म्हणून नोंदलेले आहे आणि त्याच्या ४२ व्या कलमात माहिती-तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेची तरतूद आहे. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि दृष्टिहीन अर्जदारांच्या याचिकांवर निकाल देताना डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग मानला आणि केवायसीची, म्हणजे ग्राहकाची ओळख पडताळण्याची, प्रक्रिया सुगम व्हावी म्हणून २० निर्देश दिले. डोळे मिचकावून जिवंतपणा सिद्ध करण्याची अट ज्यांना पुरी करता येत नाही, त्यांच्यापासून ते प्रकरण सुरू झाले होते. तक्रारीत या निकालाचा उल्लेख असला तर ती शाखेच्या टेबलावर पडून राहण्याची शक्यता कमी होते. बँकेकडून उत्तर आले नाही तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे जाता येते. ते कार्यालय पुण्यातच आहे, तुम्हाला सोयीचे पडेल.

उत्तर : कानसेन

कॅप्चाविषयी दोन ओळी. चौकटीशेजारी हेडफोनचे किंवा कर्ण्याचे चित्र असेल तर ते दाबावे, अक्षरांऐवजी आवाज ऐकू येतो. तो बहुधा इंग्रजीत असतो आणि मुद्दाम गोंगाट मिसळलेला असतो, म्हणून लॅपटॉपच्या स्पीकरवर ऐकू नये, कानात हेडफोन घालून ऐकावा आणि ऐकताना टाइप करायला जाऊ नये. आधी पूर्ण ऐकून घ्यावे, मग लिहावे. असे चित्रच नसेल, तर तेही पानजोडणी यांनी सांगितलेल्या तक्रारीत पहिल्याच ओळीत घालावे. मी माझ्या बँकेला तसे लिहिले होते. सात महिन्यांनी तिथे कर्णा आला. त्याला 'बटण' असे नाव द्यायचे राहून गेले होते, त्यामुळे माझा स्क्रीन रीडर त्याच्यावरून मुकाट्याने पुढे जात असे. त्यासाठी आणखी एक पत्र लिहावे लागले.